लोखंडाची कुंची

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी लिहिण्याचं काम सहीपुरतंच चालायचं, आणि वडील तीही इतकी सावकाश करतात की बँकेतला माणूस तेवढ्यात दुसऱ्याचं काम उरकून घेतो. मी नाशिकला बी.एस्सी. करतो. परीक्षेच्या बाहेर मी सलग दोन पानंसुद्धा कधी लिहिलेली नाहीत. त्यामुळे डी. के. सरांसारख्या माणसावर मी लिहायला बसावं, हे मलाच जरा जास्त वाटतं. पण आमच्या क्लासमधले ज्यांना चांगलं लिहिता आलं असतं ते सगळे जर्मनीला गेले. राहिलो मी. तेव्हा सांभाळून घ्या.

तर, आमचे डी. के. सर मोठ्या माणसांची बारशी करतात.

मी चेष्टा करत नाही. दिंडोरी रोडला द्राक्षांच्या औषधांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर सर जर्मन भाषेचा क्लास घेतात. खालून गंधकाचा वास येत असतो आणि वर आम्ही क्रियापदं चालवत असतो. पहिला आठवडा जो टिकतो त्याला जर्मन नाव मिळतं. नुसतं सांगून नाही. खोलीच्या मधोमध एक डुलती खुर्ची आहे, तिला सर पाळणा म्हणतात. तिच्यात बसायचं. डोक्याला खणाची हिरवी कुंची बांधायची, जरीच्या काठाची. लहान बाळाला घालतात तीच, फक्त शिंप्याकडून मोठ्या डोक्याच्या मापाने शिवून घेतलेली. मग क्लासमधली वयाने मोठी बाई आत्या होते. सर तिला आधी बाजूला नेऊन नाव सांगतात. ती वाकून ते पाळण्यातल्याच्या कानात सांगते आणि बाकीचे ‘कुर्र’ म्हणून तिच्या पाठीत धपाटे घालतात. शेवटी प्रत्येकाला कागदी द्रोणात हरभऱ्याच्या घुगऱ्या.

दाढीवाले इंजिनिअर कुंची बांधून बसलेले मी पाहिले आहेत. आधी सगळे फिदीफिदी हसतात, मोबाइलवर फोटो काढून घेतात. पण कानात नाव पडलं की गप्प होतात. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

एकदा एक नवा मुलगा म्हणाला, "सर, माझं नाव मी घरूनच ठरवून आणलंय."

"ठरवून?" सरांनी चष्मा काढला. "जन्माला येताना ठरवून आला होतास? नाव आपण घ्यायचं नसतं बाबा. दुसऱ्याने कानात सांगावं लागतं. स्वतःच्या कानात स्वतः कुजबुजता येतं का? करून बघ."

तो मुलगा खरंच मान वाकडी करून बघायला लागला. सरांनी तेवढा वेळ त्याला दिला.

सरांची साठी उलटली आहे. पांढरा सदरा, खिशाला चार पेनं. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं, ते चुकू नये म्हणून पुल्लिंगी शब्द निळ्या पेनाने, स्त्रीलिंगी लाल पेनाने आणि नपुंसकलिंगी हिरव्या पेनाने लिहायचा. चौथं पेन कशासाठी हे विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही. सर स्वतः जर्मनीला कधी गेलेले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, "मी गेलो तर तुम्हाला पाठवणार कोण?" लग्न केलेलं नाही. डी. के. म्हणजे काय, तेही कुणाला माहीत नव्हतं. आम्ही दिनकर धरून चालायचो.

सरांचा खरा जीव मात्र एकाच नावात. विल्हेल्म.

हे नाव निघालं की त्या दिवशीचं व्याकरण बुडालं असं समजायचं. सर फळ्यावर झाड काढतात आणि एखाद्या घराण्याची हकीकत सांगावी तसं सुरू करतात. "विल्हेल्म हा मूळ पुरुष. हा गावीच राहिला. शेती, गुरंढोरं, सगळं त्याच्याकडे. एक भाऊ गेला फ्रान्सला. तिकडच्या लोकांना सुरुवातीचा ‘व’ जड जातो, ते त्याच्याआधी ‘ग’ लावून बघतात. झाला ग्योम. तो स्पेनमध्ये गियेर्मो, इटलीत गुल्येल्मो. दुसरी पाती समुद्र ओलांडून इंग्लंडात गेली, तो विल्यम. आपल्या शेजारी डच, तिथे विलेम. हंगेरीत विल्मोश. आणि सगळ्यात धाकटा आयर्लंडला गेला. त्याचं पुढचं सगळं झिजलं, नुसता लियाम राहिला. मुलींकडून विल्हेल्मिना, विल्मा, मिना. पण कुठेही जा, भाऊबंद आहेत ते. सुतक लागतं."

मग अर्थ. "विल म्हणजे इच्छा. हेल्म म्हणजे काय?"

पुस्तकात हेल्मचा अर्थ शिरस्त्राण असा दिला आहे. पहिल्या दिवशी मी तोच सांगितला, हात वर करून, उभं राहून.

"शिरस्त्राण तुमच्या पुस्तकात," सर म्हणाले. "हेल्म म्हणजे कुंची. लोखंडाची कुंची."

सगळा वर्ग हसला. मी खाली बसलो. पण त्या दिवसापासून मला ते नाव हवं झालं.

कारण सांगतो. माझं नाव सोमनाथ. आमच्या गावात यात्रेच्या दिवशी ‘सोमनाथ’ म्हणून हाक मारली तर निम्मी आळी वळून बघते. माझ्या वर्गातच आम्ही तिघं होतो, आणि शिक्षक आम्हाला वडिलांच्या नावावरून ओळखायचे. फक्त माझं असं एखादं नाव असावं, असं मला फार वाटायचं. आणि विल्हेल्म सरांनी कधीच कुणाला दिलं नव्हतं. कितीतरी मुलं आली आणि गेली. फ्रीडरिश झाले, लुडविग झाले, विल्हेल्म कुणी झालं नाही. कुणी विचारलं की सर म्हणत, "ती जागा भरायची आहे."

मी समजलो की क्लासमधल्या सगळ्यात हुशार मुलासाठी ती राखलेली आहे. आणि मला, सांगायला संकोच वाटतो, पण मला पैकीच्या पैकी पडत होते.

माझ्या बारशाच्या दिवशी मी केस कापून गेलो. आमची आत्या होती रेश्माताई. ती एका दवाखान्यात नर्स होती, सिन्नरकडची, तिशीची. बोलायला लागली की खालचा दुकानदारसुद्धा हिशेबात चुकायचा. माझ्या आधी एक इलेक्ट्रिशियन मुलगा पाळण्यात बसला. त्याला हाइनरिश मिळालं. "घराचा राजा," सर म्हणाले. तो एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होता आणि त्याला गादीसुद्धा भिंतीकडची मिळालेली नव्हती. तरी त्याचं नाव बघा, तोंड भरून.

मग मी. कुंची बांधली. रेश्माताई वाकली. मी श्वास धरला.

"ओट्टो."

मी थांबलो. पुढे काही आलं नाही. "ताई, पुढचं?"

"एवढंच हाय रे," ती कानातच म्हणाली, आणि तिच्या पाठीत धपाटे पडले.

सर खुशीत होते. "ओट्टो! जुन्या जर्मनमध्ये ओट म्हणजे संपत्ती. सम्राटांचं नाव आहे हे." हाइनरिशने मला त्याच संध्याकाळी विचारलं, "ओट्टो, सीबीएस स्टँडपर्यंत सोडणार का, मीटरने?" आईला फोनवर सांगितलं तर तिने दोनदा नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "पोटभर नाव तरी द्यायचं ना मास्तरांनी."

मला रेश्माताईचा हेवा वाटतो, हे तोवर मलाच कळलं नव्हतं. तिला मिळालेलं नाव गेरट्रूड. त्यात भालाही आहे आणि ताकदही. ती म्हणाली होती, "भाला कशाला सर, आमचं इंजेक्शनवर भागतं." आणि सर इतके हसले होते की त्यांना पाणी द्यावं लागलं. माझ्या कुठल्याही बोलण्यावर सरांना कधी पाणी द्यावं लागलेलं नाही. मी बिनचूक वाक्य म्हटलं की सर "हं" म्हणायचे. तो "हं" मी रूमवर नेऊन उलटसुलट करून बघायचो. रेश्माताई मात्र ‘बाई’ या शब्दामागे बेधडक पुल्लिंगी ‘डेअर’ लावायची, आणि सर म्हणायचे, "गेरट्रूड, तू पुन्हा त्या बाईला मिशा लावल्यास." क्लास सुरू करण्याआधी दारातून डोकावून विचारायचे, "गेरट्रूड आली का?" मी अर्धा तास आधीपासून पहिल्या बाकावर बसलेला असायचो. "ओट्टो आला का?" असं विचारायची वेळच मी येऊ दिली नाही, हे माझं चुकलंच असणार.

हेव्याचं एकदा घर झालं की तो कुणाचाही वाटतो. एका रविवारी सरांबरोबर रामकुंडावर गेलो होतो. सरांना तिथे एक तांबड्या केसांचा परदेशी मुलगा दिसला, पाण्याचे फोटो काढत होता. सर थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्याचं नाव विचारलं. तो म्हणाला, लियाम.

सरांनी त्याचे दोन्ही हात धरले. "ओट्टो, बघ! धाकट्या पातीचा! आयर्लंडहून आला पोरगा." मग त्यांनी त्याला घाटाच्या पायरीवर बसवून इंग्रजीत सगळी वंशावळ सांगितली, मूळ गावापासून. कोण कुठे गेला, कुणाचं काय झिजलं. तो मुलगा बिचारा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. जवळच एक गुरुजी यजमानांची वाट पाहत बसले होते. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग उठून आले.

"मास्तर, हा यजमान तुमचा की आमचा?"

"आमचा. भाऊबंद आहे."

गुरुजींनी लियामकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. विलायती तुमचे, देशी आमचे. पण उद्या त्याने पिंडदान मागितलं तर इकडे पाठवा."

सरांनी त्याला मिसळ खायला नेलं. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सर त्याला पावावर पाव वाढत होते, "खा, खा, लांबून आलास," असं चक्क मराठीत म्हणत. मी समोर बसून मिसळ खाल्ली. मलाही तिखट लागत होतं. मला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला त्या लियामचासुद्धा हेवा वाटला. नाव झिजून झिजून तीन अक्षरांचं राहिलं तरी त्याचा मान किती! माझं तर न झिजताच दोन अक्षरांचं होतं.

पुढे रेश्माताईचा व्हिसा आला. क्लासमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. घुगऱ्या तिनेच घरून करून आणल्या होत्या, लसूण जास्त घातलेल्या. भाषणं झाली. ती रडली, मग रडताना नाक शिंकरायचा जर्मन शब्द कोणता, असं तिने सरांना विचारलं. मला जिन्याखालून पाण्याचा जार आणायला पाठवलं होतं. मी जार खांद्यावर घेऊन वर आलो, तेव्हा बाकीचे गॅलरीत फोटो काढत होते. दाराच्या काचेतून मला दिसलं. आत सर पाळण्याच्या खुर्चीत बसले होते आणि रेश्माताई अगदी जवळ वाकली होती. डोकी एकमेकांना लागलेली. सरांचा एक हात कानाशी होता. काहीतरी बोलणं झालं. मग दोघंही डोळे पुसायला लागले.

बारशाच्या आधी सर आत्याला बाजूला नेऊन नाव सांगायचे, ते असंच. पण त्या दिवशी बारसं कुणाचंच नव्हतं. मग नाव कुणाचं सांगत होते? मी लगेच ओळखलं. विल्हेल्मिना. सरांनी तिला जाताजाता ती जागा दिली होती. बाईच्या मागे पुल्लिंगी लावणाऱ्या बाईला.

मी जार दारात ठेवला. माझा घुगऱ्यांचा द्रोण खिडकीत भरून ठेवलेला होता. तो तिथेच ठेवून मी निघून गेलो.

त्यानंतर वर्षभर मी क्लासला गेलो, कारण परीक्षा द्यायची होती. पण झाडाचं चित्र निघालं की मी वहीत खाली बघायचो. रेश्माताईचे फोटो यायचे. बर्फ, सायकल, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांबरोबर केक. सगळे हार्ट टाकायचे. मी नुसता अंगठा टाकायचो.

मग एका सकाळी क्लासला कुलूप. खालचा दुकानदार म्हणाला, सर पाय घसरून पडले, प्लास्टर आहे. पुढच्या बॅचला शिकवायला सरांनी मला सांगितलं होतं, म्हणून किल्ली आणायला मी नाशिक रोडला सरांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. दोन खोल्यांचा ब्लॉक. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. या अक्का. शेजारच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहतात, आणि सरांच्याच गावच्या, सिन्नरजवळच्या.

अक्कांनी मला वरून खाली पाहिलं आणि आत हाक मारली, "दगड्या! तुझा पोरगा आलाय बघ शाळेतला."

मी मागे वळून बघितलं. दगड्या कोण?

आतून सरांचा आवाज आला, "आलोच. म्हणजे, येऊ दे त्याला."

सर मलमपट्टीवाल्याशी बोलत होते तेवढ्यात अक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सुरू केलं.

"दगडू काशिनाथ. तुला काय वाटलं?"

"दिनकर."

"दिनकर!" त्या पदराने तोंड झाकून हसल्या. "याच्या आधीची सगळी लेकरं गेली रे. एक नाय राहिलं. मग हा झाला तवा याच्या आयनं पाळणा काय टांगलाच नाय. बारसं नाय, काय नाय. सुपात घातला आन् आमच्या आयला विकला. पसाभर कोंड्याला. म्हंजे कसं, आपलं लेकरूच नाय म्हणायचं, कुणाची नजर नाय लागत. सूप मी धरलेलं, परकरी होते. चार दिसांनी घेऊन गेली परत." अक्कांनी बशीत चहा ओतला. "कोंडा मातर अजून याच्याकडंच हाय. हिशेब बाकी हाय म्हणते मी त्याला."

"मग नाव?"

"ठेवलं कुठं कुणी? दगड म्हणायचे, दगडू झाला. कानात सांगायला आत्यापण नव्हती त्याला." त्यांनी बशी खाली ठेवली. "आळीत कुणाचं बारसं असलं की हा पाळण्यापाशी जाऊन बसायचा. आमी म्हणायचो, घुगऱ्यांसाठी बसतो. घुगऱ्यांसाठी नाय रे. कानात काय सांगत्यात ते ऐकायला बसायचा."

मी चहा तसाच घेऊन आत गेलो. सर पाय उशीवर ठेवून पडले होते. खिशाला चार पेनं तशीच होती.

"अक्काने सांगितलं वाटतं."

"हो सर."

"क्लासात दिनकरच राहू दे."

"हो सर."

मी किल्ली घेतली, पण निघालो नाही. सरही जा म्हणाले नाहीत. पंख्याकडे बघत म्हणाले, "आई मला कधी बाळ म्हणाली नाही. कुणी ऐकलं तर? ‘ए दगडा’ म्हणायची आणि डोक्यावरून हात फिरवायची. दोन्ही एकाच वेळी. कॉलेजात विल्हेल्मचा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आमच्याच घरातलं. इच्छा आणि कुंची. पोर जगावं. आई तेच म्हणत होती. तिला फक्त मोठ्याने म्हणायची सोय नव्हती."

"सर," मी म्हटलं.

"हं," सर म्हणाले. हा "हं" मला रूमवर न्यावा लागला नाही.

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसत गेलं. खुर्ची, कुंची, धपाटे. नाव स्वतः घ्यायचं नसतं. ती जागा भरायची आहे. म्हणजे ती जागा हुशार मुलासाठी नव्हतीच. ती सरांचीच वाट बघत होती. आणि मी ठरवलं. सरांचं प्लास्टर निघालं की क्लासमध्ये सरांचं बारसं करायचं. पाळण्यात सर, डोक्याला कुंची, कानात विल्हेल्म. मला ते नाव किती हवं होतं हे मी वर सांगितलंच आहे. ते सोडताना जरा दुखलं. पण मोकळंही वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, की हे फक्त मला सुचलं.

बाजारातून हरभरे आणले, धुतले, मोठ्या पातेल्यात भिजत घातले. प्लास्टर निघायला वेळ होता, पण मला घुगऱ्या करता येत नव्हत्या, म्हणून आधी करून बघणार होतो. हरभरे पाण्यात पडल्यावर माझ्या लक्षात आलं की एक अडचण आहे.

विल्हेल्म रेश्माताईकडे होतं.

सरांनी ते तिला देऊन टाकलं होतं, मी काचेतून पाहिलं होतं. दिलेलं नाव परत कसं मागायचं? शिवाय तिच्याएवढी मोठी बाई क्लासला नंतर आली नव्हती, तेव्हा सरांच्या नियमाने आत्या तीच. म्हणजे सगळं मी जमवून आणणार आणि सरांच्या कानात बोलणार तीच. जर्मनीतून, फोनवरून. मला पुन्हा तिचा राग आला. तरी दुपारी तिच्याकडे ब्रेकची वेळ असते हे माहीत होतं, म्हणून फोन लावला.

"ओट्टो!" ती ओरडली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "तू कसा काय फोन केलास रे? अंगठ्याच्या पुढं तर जात नाय कधी. सर बरे हाय ना?"

"बरे आहेत. ताई, एक मागायचं होतं." मला मागून घेणं कधी जमलेलं नाही. "ते नाव परत दे."

"कोणतं नाव?"

"विल्हेल्मिना."

"कोण विल्हेल्मिना? अरे मी गेरट्रूडच हाय अजून. इथं वॉर्डात एक आजी हाय त्याच नावाची. मला सांगते, आपण भाऊबंद. सरांची शिकवणी इथपर्यंत आली बघ."

"तू निघालीस त्या दिवशी सर तुला कानात सांगत होते. मी काचेतून बघितलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. ती बहुतेक बाहेर गेली.

"सर नाय रे सांगत होते," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "मी सांगायला गेले होते. आख्ख्या दुनियेची बारशी करतो हा माणूस, त्याचं कुणी केलं असंल का, एवढंच मनात आलं माझ्या. विचारलं. ते नुसता चष्मा पुसत बसले. मग मला समजलं. म्हटलं बसा पाळण्यात, मी आत्या हाय ना. धपाटे मारायला कुणी नव्हतं, तरी म्हटलं चालंल. बसले गुपचूप. मी वाकले, ‘वि’ म्हणाले, आन् त्यांनी कानावर हात ठेवला."

"का?"

"म्हणाले, नको गं. ते ओट्टोसाठी ठेवलंय. त्याला लय हवंय ते, मागत नाही. परीक्षा होऊन जायला निघंल तेव्हा देऊ." नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मग सर तुला शोधत बाहेर आले, तर तू नव्हतास. खिडकीत तुझा द्रोण दिसला त्यांना. म्हणाले, रुसला बघ. त्याच्या वाटच्या घुगऱ्या झाकून ठेव."